चार वस्तूंची वाटणी

भाद्रपदात आमच्या पिंपळवंडीचा ऊस माणसाला गिळून टाकतो. आडसालीचा फड असला तर तो डोक्याच्या कितीतरी वर गेलेला असतो, मधूनमधून आडवा पडलेला असतो, आणि सरीत शिरलं की चार पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. ऐकू येतं ते नुसतं पाचट. कुकडीच्या काठचं गाव, येडगावचं धरण जवळ, त्यामुळे पाण्याची ददात नाही. पण शेतीची लाइट रात्रीची असली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. मग कुणी मोबाइलवर भजन मोठ्यानं लावतो, कुणी पत्र्याचा डबा वाजवत जातो. आत बिबट्या असेल किंवा नसेल. आहे असं धरून पाय टाकायचा, एवढंच जुन्नर तालुक्यातला माणूस शिकलेला आहे.

1965 च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धातली लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्जोरजी तारापोर यांची लढाई मला या उसामुळे कळली.

आमच्या वस्तीवर एक तात्या आहेत. गाव त्यांना ‘मिलिटरीवाले तात्या’ म्हणतं. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण पहाटे उठून दाढी केल्याशिवाय ओट्यावर यायचे नाहीत. त्यांचा एक ॲल्युमिनियमचा मग आहे, चेपलेला, कान वाकडा झालेला. चहा त्यातूनच प्यायचा. पासष्टच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी ते भरती झाले आणि नगरला रणगाड्यांचं ट्रेनिंग घेतलं. म्हणजे ती लढाई त्यांनी पाहिलेली नाही; पण ज्यांनी पाहिली होती, त्यांच्या पंगतीत बसून ते जेवले आहेत. एकदा फडाच्या कडेला उभे असताना ते सहज म्हणाले, “सियालकोटकडं बी असाच ऊस व्हता म्हणं. आत अख्खा रणगाडा हुबा, अन् दिसंना.”

मी म्हटलं, “मग करायचं काय, तात्या?”

“करायचं काय? डोकं बाहेर काढायचं.”

त्यांनी एवढंच सांगितलं आणि मग तोंडाला लावला.

डोकं बाहेर काढायचं म्हणजे काय, ते मला पुढं नगरला कळलं. आळेफाट्यावरून बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत एसटी नगरला जाते. तिथं लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. 1994 साली ते उघडलं. तात्यांना घेऊन गेलो. झाडांच्या सावलीत देशोदेशीचे जुने रणगाडे ओळीनं उभे आहेत, एखाद्या बैलबाजारात उभे असावेत तसे. अमेरिकन बनावटीचा पॅटन आहे, पासष्टला पाकिस्तानकडे होता तो. ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन आहे, आपल्याकडे होता तो. पन्नासेक टनांचं धूड. उन्हानं तापलेल्या त्या लोखंडावर तात्यांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग वर बोट केलं. “ते झाकण बघ. लावून घेतलं की माणूस सुरक्षित. पण मग फटीतून दिसंल तेवढंच जग.” झाकण उघडून कमांडर छातीपर्यंत बाहेर उभा राहिला, तर त्याला उसाच्या शेंड्यांवरून धूळ दिसते, तोफेचा भपका दिसतो. आणि तोही सगळ्यांना दिसतो. तारापोरांनी आपल्या पलटणीतल्या रणगाडा-कमांडरांना झाकणं उघडी ठेवून लढायला सांगितलं होतं, आणि स्वतः तसेच उभे राहत, असं त्यांच्या लोकांत सांगितलं जातं.

आमच्याकडे उसाच्या राखणीला माळा बांधतात. माळ्यावरच्या राखण्याला सगळं शिवार दिसतं आणि सगळ्या शिवाराला राखण्या दिसतो. ही अडचण कुठल्याच शास्त्राला सोडवता आलेली नाही.

तारापोरांचा जन्म मुंबईचा, 18 ऑगस्ट 1923 चा. घराण्यात सांगितलं जाई ते असं, की त्यांचे एक पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या फौजेत होते आणि त्यांना शंभर गावांची मनसब मिळाली होती. त्यातलं मुख्य गाव तारापूर, म्हणून आडनाव तारापोर. आमच्या गावातून शिवनेरी लांब नाही. पोरगं जरा धीट निघालं की म्हातारी माणसं गडाकडे हात करतात. तारापोरांच्या घरीही असाच कुणीतरी तीनशे वर्षांपलीकडे हात करत असेल. पुढं आजोबा हैदराबादला गेले, निजामाच्या अबकारी खात्यात नोकरीला लागले. वडील फारसी आणि उर्दूचे जाणकार.

लहानपणची एक गोष्ट सांगतात. अर्देशीर, म्हणजे घरचा आदी, सहा वर्षांचा असताना घरची गाय दावं तोडून सुटली आणि त्याच्या बहिणीच्या अंगावर धावली. हा पोरगा मध्ये जाऊन उभा राहिला आणि गाईच्या नाकावर त्यानं फटका दिला. ही गोष्ट शहरातला माणूस शौर्यकथा म्हणून ऐकेल. गोठ्यात वाढलेल्या माणसाच्या मनात दुसराच विचार येतो: नाकावरच मारायचं, हे त्या पोराला ठाऊक होतं. सुटलेलं जनावर पाठीत काठ्या घालून वळत नाही.

सातव्या वर्षी त्याला पुण्याला सरदार दस्तुर शाळेत धाडलं. अभ्यासात बेताचा, मैदानावर मात्र पुढं: मुष्टियुद्ध, पोहणं, टेनिस, क्रिकेट. 1940 साली मॅट्रिक झाला आणि हैदराबाद संस्थानाच्या फौजेत शिरला. नेमणूक पायदळात झाली आणि त्याचं मन तर चिलखती गाड्यांत. ते कसं जुळून आलं, त्याचीही एक हकिगत आहे. हातबॉम्ब फेकण्याच्या सरावात एका रंगरुटाच्या हातून फेक चुकली आणि बॉम्ब जवळच पडला. तारापोर उडी मारून पुढं झाले, तो उचलून त्यांनी फेकला. फेकताफेकता तो फुटला आणि छातीत तुकडे घुसले. संस्थानी फौजेचे सेनापती अल इद्रूस यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं. काय हवं, असं त्यांनी विचारल्यावर या जखमी पोरानं बढती मागितली नाही, बदली मागितली. पुढं दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या लान्सर्सबरोबर ते पश्चिम आशियात गेले.

इतिहासाचे सांधे असे विचित्र जुळतात. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौज हैदराबादेत शिरली तिचे सेनानी होते मेजर जनरल जे. एन. चौधरी. समोर होती ती निजामाची फौज, तारापोर ज्या फौजेत वाढले ती. सतरा वर्षांनी, 1965 च्या सप्टेंबरात, हेच चौधरी देशाचे लष्करप्रमुख होते, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, आणि तारापोर पूना हॉर्स या पलटणीचे प्रमुख. ज्याच्या समोर उभं राहायचं होतं त्याच्याच हुकमानं हा माणूस सियालकोटवर निघाला, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. देश घडतो तो असा, कुणाच्या लक्षातही न येता.

पूना हॉर्स या नावानं मराठी माणसाचे कान टवकारतात. मूळ मात्र जरा खुपणारं आहे. 1817 च्या तहानं दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चानं हे घोडदळ उभं राहिलं, आणि वर्ष सरायच्या आत ते पेशव्यांविरुद्धच लढलं. 1951 मध्ये तारापोर या पलटणीत आले, तोवर घोडे जाऊन रणगाडे आले होते. पुढं इंग्लंडला जाऊन ते सेंच्युरियन चालवायला शिकले. पलटणीतले रणगाडे जुन्या लढायांची नावं लावत. तारापोरांच्या रणगाड्याचं नाव ‘खुशाब’. 1857 च्या फेब्रुवारीत इराणात झालेल्या लढाईचं ते नाव. पलटणीच्या पूर्वजांनी तिथं इराणी चौक फोडला होता. इराणातून आलेल्या पारशी पूर्वजांचा वंशज इराणवरच्या विजयाचं नाव मिरवणाऱ्या रणगाड्यात उभा. तारापोरांना यातली गंमत कळली असणारच. फारसीच्या जाणकाराचा मुलगा होता तो.

11 सप्टेंबर 1965. इकडे पौर्णिमा नुकतीच सरली होती आणि पितृपंधरवडा लागला होता. कौलांवर घास ठेवून माणसं कावळ्यांची वाट बघत होती. तिकडे सियालकोटच्या शिवारात पूना हॉर्सला फिल्लौरा घ्यायचं होतं. फिल्लौरा आणि चविंडा यांच्या मधून पलटण पुढं सरकत असताना वझीरवालीच्या बाजूनं शत्रूचे रणगाडे अचानक अंगावर आले. तारापोर जागेवरून हलले नाहीत. तो मारा झेलत त्यांनी एका स्क्वाड्रनला आणि सोबतच्या पायदळाला घेऊन उलट फिल्लौऱ्यावर चाल केली. त्यात ते जखमी झाले. मागं जा, म्हटल्यावर गेले नाहीत. 14 तारखेला वझीरवाली घेतली. 16 तारखेला जस्सोराँ आणि बुतूर डोगरांदी. त्यांच्या रणगाड्याला अनेकदा गोळे लागले, तरी ते पुढंच. या सहा दिवसांत पलटणीनं शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले, स्वतःचे नऊ गमावले. आकडे मानपत्रातले आहेत.

मला या सहा दिवसांपेक्षा त्यांच्या आधीची एक घटका जास्त आठवते. लढाईला तोंड लागायच्या आत तारापोरांनी मेजर चीमा या सहकाऱ्याला बाजूला घेतलं आणि शांतपणे आपली वाटणी सांगितली. मी पडलो तर मला इथंच, रणभूमीवरच अग्नी द्या. प्रार्थनेचं पुस्तक आईला. गळ्यातली सोन्याची साखळी बायकोला. अंगठी मुलीला. फाउंटन पेन मुलाला.

एवढंच मृत्युपत्र. ना कागद ना साक्षीदार. चार वस्तू आणि चार माणसं.

मी ज्या मुलखात राहतो तिथं वाटणी हा शब्द ऐकला की घरातल्या बायका स्वयंपाकघरात निघून जातात. आमच्याकडे वाटणी म्हणजे सातबारा, फेरफार, विहिरीतला चौथा हिस्सा, पाण्याच्या पाळीचे तास, आंब्याच्या झाडाची निम्मी फांदी. भाऊ भाऊ असतात ते वाटणीपर्यंत. म्हणून मी त्या चार वस्तूंकडे पुनःपुन्हा वळतो. त्या कशा निवडल्या आहेत पाहा. सगळ्या अंगावरच्या. खिशात, गळ्यात, बोटात मावणाऱ्या. रणगाड्यात उभ्या असलेल्या माणसाजवळ आणखी असणार तरी काय! पण ज्याला जे दिलं ते त्याच्या हाताच्या मापाचं दिलं. आईच्या हाती पुस्तक, कारण मुलाच्या मागं तिला प्रार्थनाच उरणार. मुलाला पेन: आपला हात जिथं थांबला तिथून त्यानं लिहावं. तलवार नाही, पिस्तूल नाही. शिपाई माणसानं मुलासाठी शाईचं हत्यार ठेवलं.

आणि स्वतःसाठी मागितला तो अग्नी. हे पारशी माणसाचं मागणं आहे, हे विसरून चालायचं नाही. त्यांच्या धर्मात अग्नी पवित्र, इतका की प्रेतानं तो विटाळू नये, मातीही विटाळू नये, म्हणून देह दोखम्यात उघड्यावर ठेवायचा. पुण्यामुंबईत ती सोय होती. रणांगणात नव्हती, आणि आपला देह मागं नेण्यासाठी कुणी गाडी अडकवून ठेवावी, हेही त्यांना नको होतं, असं मला वाटतं. आजूबाजूच्या जवानांचा जो शेवट, तोच आपला.

तो शेवट आला 16 सप्टेंबरला. तो दोन तऱ्हांनी सांगितला जातो. मानपत्रात रणगाडा ज्वाळांनी वेढला गेल्याचं लिहिलं आहे. पलटणीतल्या आठवणींत मात्र संध्याकाळ आहे, दिवसभराची लढाई थोडी निवलेली आहे, कर्नलसाहेब रणगाड्याशेजारी उभे राहून चहा पीत आहेत आणि तोफेचा गोळा तिथं येऊन पडतो. तात्यांनी ऐकली ती दुसरी गोष्ट. ती सांगताना ते मगाकडे बघत नाहीत, पण हात मगावरच असतो. सहा दिवस डोकं बाहेर काढून उभा राहिलेला माणूस चहा पिताना गेला. तात्यांना यात काही विपरीत वाटत नाही. “चहा मिळाला व्हता ना,” ते म्हणतात.

तारापोर बेचाळीस वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी, सांगितल्याप्रमाणे, तिथंच अग्नी दिला गेला.

त्याच बुतूर डोगरांदीच्या लढाईत पूना हॉर्सबरोबर 8 गढवाल रायफल्स ही पायदळाची पलटण होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जे. ई. झिराड तिथंच पडले. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांच्यात झिराड हे आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेलं. त्यांच्यामागून त्या पलटणीची धुरा ज्यांच्याकडे आली ते मेजर अब्दुल रफी खानही पडले. समुद्रकाठच्या दोन गावांची नावं, तारापूर आणि झिराड, पंजाबच्या एकाच शिवारात एकाच आठवड्यात मातीला मिळाली. कोकणातून घाट चढून वर येणारी माणसं आमच्या नाणेघाटानं दोन हजार वर्षं पाहिली आहेत. इतक्या लांब गेलेली मात्र थोडी.

तारापोरांना परमवीर चक्र मिळालं. आजवरच्या एकवीस परमवीरांमध्ये, पराक्रमाच्या वेळच्या हुद्द्यानं, सगळ्यांत वरचे तेच. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा, मूळच्या युरोपातल्या पण सासरच्या नावानं आपल्या झालेल्या. पदकावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वज्र दधीची ऋषींच्या हाडांचं. त्यांनी देह ठेवला आणि हाडं देवांना दिली. म्हणजे वाटणीच की. पदक साधं काशाचं असतं आणि फीत जांभळी.

त्या पदकाची दुसरी बाजू मला सहजी सोडत नाही. चविंडा काही आपल्या हाती आलं नाही. 23 सप्टेंबरला युद्ध थांबलं. जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला करार झाला आणि फेब्रुवारी सरायच्या आत दोन्ही फौजा 5 ऑगस्टच्या आधीच्या जागी परतल्या. जस्सोराँ, बुतूर डोगरांदी, फिल्लौरा, सगळं परत गेलं. ज्या भुईसाठी तारापोर उभे राहिले आणि जिच्यावर त्यांना अग्नी दिला, ती आज दुसऱ्या देशात आहे. तिथला कुणी शेतकरी तिच्यात पाणी भरत असेल, कदाचित उसालाच. त्याला ठाऊक नसेल, किंवा असेलही. शेतकऱ्याला आपल्या रानातल्या सगळ्या जागा ठाऊक असतात.

एकदा मी तात्यांना विचारलंच. “तात्या, जमीन परत द्यायची होती, तर मग हे सगळं कशासाठी?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू जमिनीचं इचारतोयस. त्यांना जमीन नव्हती घ्यायची. त्यांना मागं असलेल्या पोरांना न्यायचं व्हतं पुढं. पुढं न्यायचं तर पुढं राहावं लागतं.” आणि मग जरा हसून, “तुझ्या बांधाचं काय झालं?”

बांधाचं सांगायला हवं. चुलतभावांचं आणि आमचं एका बांधावरून गेली अकरा वर्षं वाकडं आहे. वाद अर्ध्या गुंठ्याचा. त्यावर उभा आहे एक बोरीचा ओंडका आणि दर पावसाळ्यात वाढणारं कुंदा गवत. त्यापायी आम्ही एकमेकांच्या लग्नांना गेलो नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या खिशात एक चष्मा निघाला, तंबाखूची चंची आणि या बांधाच्या नकाशाची घडी घालघालून फाटलेली नक्कल. आम्हां तिघा भावंडांना कुणाला काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. चष्मा धाकट्यानं घेतला, चंची बहिणीनं. नक्कल माझ्याकडे आली.

वडिलांना दोष देत नाही. आयुष्यभर त्यांनी पुढचं बघितलं. आमच्या शिक्षणाचं, विहिरीचं, पाइपलाइनचं. पण कुणाला काय द्यायचं, हे नीट उभं राहून, आवाज न चढवता सांगायला जी घटका लागते ती त्यांना सापडली नाही. शांत गावात ऐंशी वर्षं काढूनही सापडली नाही. तारापोरांना ती लढाईच्या तोंडावर सापडली, इंजिनांच्या घरघरीत. म्हणून मला वाटतं, त्यांचं धाडस मोजायचं ते साठ रणगाड्यांवरून मोजू नये. ते तर दुसऱ्यांनी मोजलेलं आहेच. उद्या आपण नसू, हे चार वस्तूंच्या भाषेत सांगून पुन्हा कामाला लागणं, हे त्यांचं मोठं धाडस.

अंदमानातल्या एकवीस बेटांना 23 जानेवारी 2023 रोजी एकवीस परमवीरांची नावं दिली गेली. त्यातल्या एकाचं नाव आता तारापोर बेट. ज्याच्या नावात आधी एक गाव होतं, त्याच्या नावानं आता एक बेट आहे. मधल्या काळात त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी भुई किती होती, तर सेंच्युरियनच्या झाकणाएवढी. दोन पाय ठेवून उभं राहण्यापुरती.

परवा रात्री दारं धरायला गेलो होतो. फडाच्या तोंडाशी नेहमीसारखा थांबलो, बॅटरी उंच धरली. शेंडे हलत होते, वारा असावा. चुलतभावाच्या बाजूनंही एक बॅटरी उंच धरलेली दिसली. दोघांनीही हाक मारली नाही. थोड्या वेळानं त्यानं त्याची बॅटरी माझ्या सरीकडे वळवली, माझं पाणी फुटलं होतं ते दाखवायला. मी जाऊन बारं बांधलं.

मोजणीची तारीख पितृपंधरवड्यानंतरची मिळाली आहे. नकाशाची नक्कल अजून माझ्याकडेच आहे.